लेकीचे चुकलेले फोन

किल्लीकाकांची खरी तक्रार सेन्सरबद्दल नव्हतीच. भिंतीवरचं पॅनेल चार दिवस ‘टुक टुक’ करतंय, येऊन सेल बदलून जा, एवढं त्यांनी फोनवर सांगितलं आणि लगेच मूळ दुखण्यावर आले.

“चार दिवस झाले, लेकीचे फोन चुकतायत गं.”

“म्हणजे येत नाहीत?”

“येतात. पण भलत्याच वेळी. मी आंघोळीला गेलो की वाजतो. हातात कानस असली की वाजतो. असं कधी व्हायचं नाही. तिकडे काहीतरी बिनसलंय.”

मी नवा सेल बॅगेत टाकला आणि निघाले. काय बिनसलंय ते मला पक्कं ठाऊक होतं.

किल्लीकाकांना आमच्या भागात सगळे ओळखतात. घराच्या पुढच्या खोलीत दुकान, मागे दोन खोल्या आणि स्वयंपाकघर, मधे एक अरुंद पॅसेज. चाळीस वर्षं ते कुलपं उघडतायत आणि किल्ल्या घासतायत. त्यांची पद्धत ठरलेली. मूळ किल्ली गिऱ्हाइकाच्या नजरेआड करायची नाही, गिऱ्हाइकाने समोर उभं राहायचं. एखादी कोरी किल्ली घासताना बिघडली, तरी ती तशीच फेकायची नाही. गिऱ्हाइकादेखत दातांवर कानस फिरवून ती सपाट करायची. “अर्धवट किल्लीसुद्धा अर्धं दार उघडते,” असं म्हणायचे. गावभरच्या दारांची गुपितं या माणसाच्या हातून गेली, पण कुणाच्या घराची जास्तीची किल्ली त्यांच्या खिळ्याला कधी लटकली नाही.

मला ते ‘वायरवाली’ म्हणतात. मी घरांना सुरक्षा यंत्रणा बसवते, म्हणजे त्यांच्या भाषेत त्यांच्या पोटावर पाय देते. “आमचं कुलूप गप्प बसून राखण करायचं. तुमचं बोंब मारतं,” हा त्यांचा आवडता टोमणा.

काकी तीन वर्षांपूर्वी गेल्या. त्याच पॅसेजमध्ये पडल्या होत्या. काका पुढे दुकानात, कानशीच्या आवाजात. त्यांना दोन तास पत्ता नाही. लेक दूरच्या शहरात नोकरीला. तिने बाबांना आपल्याकडे येण्यासाठी खूप विनवलं, पण हे हलले नाहीत. मग आठ महिन्यांपूर्वी तिने मला फोन केला. पॅसेजमध्ये हालचाल टिपणारा सेन्सर लावायचा. भोंगा नको. बाबा उठले, स्वयंपाकघरात गेले, किंवा तीन तासांत तिकडे फिरकलेच नाहीत, की तिच्या मोबाइलवर संदेश जायला हवा. “आणि ताई, बाबांना सांगू नकोस. चोरांसाठी आहे म्हण. नाहीतर ते उपटून टाकतील.”

मी तसंच म्हटलं. त्यांच्या दारात उभी राहून, त्यांनीच केलेला चहा पीत पीत म्हटलं.

तेव्हापासून लेकीचे फोन अचूक यायला लागले. काका खोलीतून बाहेर पडतात न पडतात तोच, “झाली का झोप?” दुपारी जेवायला आत आले की, “आज उशीर केलात.” काका दुकानात येईल त्याला सांगायचे, “माझ्या लेकीला बसल्या जागी कळतं. हिची आई अशीच होती. मी लांब कुठे पायरीवर अडखळलो, तर इकडे तिच्या हातातलं भांडं पडायचं.” किल्ली घ्यायला आलेला माणूस मान डोलवायचा. मी तिथे असले की चपला शोधायला लागायचे.

त्या सकाळी मी पोचले तर काकांनी सेन्सरचं झाकण आधीच उघडून ठेवलेलं. हातात स्क्रूड्रायव्हर.

“काका, मी येईपर्यंत दम नाही धरला?”

“चाळीस वर्षं दुसऱ्यांची कुलपं उघडली, माझ्या घरातला डबा उघडायला तुझी चिठ्ठी हवी?”

मी स्टुलावर चढले. आखूड, जाड असा लिथियमचा सेल. जुना काढला, नवा बसवला, झाकण टक् करून लावलं. बोलण्याच्या नादात एक गोष्ट राहिली. सेल बदलण्याआधी पॅनेल चाचणीवर टाकायचं असतं, म्हणजे संदेश बाहेर जात नाहीत. आमच्या कामात ही पहिली पायरी. मी विसरले आणि वर म्हटलं, “काका, जरा समोरून चालून दाखवा.”

ते रुबाबात पॅसेजमधून चालत गेले. लाल दिवा चमकला. परत फिरून ते माझ्यापर्यंत आले, तेवढ्यात त्यांच्या खिशातला फोन वाजला.

“बाबा, स्वयंपाकघरात निघालात ना? ठेवा चहा, मीही इकडे घेते.”

काकांचा चेहरा असा उजळला की मला बघवेना. “आलीस का गं ठिकाणावर!” ते म्हणाले. “चार दिवस कुठे भरकटली होतीस?” दोघं जरा हसले, बोलले. फोन ठेवून ते माझ्याकडे वळले. “बघितलंस? पुन्हा जुळलं.”

मी “हो” म्हणाले असते तर कदाचित निभावलं असतं. मी सेलचं वेष्टन चुरगाळत राहिले.

काकांनी वर पाहिलं. मग सेन्सरच्या खाली जाऊन उभे राहिले आणि तो जिकडे बघत होता तिकडे बघितलं. नवीन कुलूप हातात आल्यावर ते आधी त्याचं तोंड बघतात, तसंच.

“वायरवाले, चोर कुठून येतो?”

“दारातून.”

“मग याची पाठ दाराकडे का? हा तर माझ्या खोलीकडे टक लावून बसलाय. आणि याची बोंब कुठाय? आठ महिन्यांत मी ऐकली नाही. आत्ता तुझ्यासमोर चाललो, तरी नाही.” त्यांनी खिशातला फोन चाचपला. “बोंब तिकडे जाते होय?”

मी स्टुलावरून उतरले आणि सगळं सांगितलं. भोंगा नसल्याचं, तीन तासांचं, चोरांच्या थापेचं. ते शेवटी एवढंच म्हणाले, “माझा चहा पीत होतीस तेव्हा.”

मग त्यांनी लेकीला फोन लावला. त्यांना ऐकायला कमी येतं, फोनचा आवाज मोठाच ठेवलेला असतो, त्यामुळे तिचा आवाज मलाही ऐकू येत होता.

“यंत्र आहे ना गं ते?”

ती म्हणाली, “आई दोन तास पडून होती, बाबा. मला पुन्हा तसं नको होतं.”

“मग मला सांगायचंस. मीच भोक पाडून दिलं असतं भिंतीला.”

“तुम्ही नाही म्हणाला असतात.”

“म्हणालो असतो. दोन दिवस म्हणालो असतो, मग हो म्हणालो असतो. ते दोन दिवस पण दिले नाहीस मला.” त्यांचा आवाज चढला नव्हता. “मी लोकांना काय सांगत फिरलो, माहितीये? आईसारखीच आहे म्हणून.”

“सगळे फोन काही त्यावरून नव्हते केले, बाबा!”

“एक सांग. त्यावरून नसलेला एक.”

“तो... तुम्हाला दुकानात चक्कर आली होती तेव्हाचा. मला खरंच आतून वाटलं होतं.”

काकांनी डोळे मिटले. तो फोन मला माहीत होता, सगळ्यांनाच माहीत होता. त्या दिवशी ते टेबलामागे घामाघूम बसले होते, तोंडातून शब्द फुटत नव्हता, आणि लेकीचा फोन आला. फोन उचलला गेला नाही तसा तिने शेजारच्या शिंप्याला पिटाळला. काका वाचले.

“बरं,” असं म्हणून त्यांनी फोन बंद केला आणि तो स्वयंपाकघराच्या ओट्यावर ठेवला. मग मला म्हणाले, “त्या दिवसाचं निघतं का यात?”

निघतं. पॅनेलमध्ये वर्षभराची नोंद राहते. मी तारीख विचारली नाही, त्यांनी सांगितली. बटणं दाबत मागे जाताना मनात आलं, की नोंद पुसली गेली असं म्हणावं. एक फोन तरी राहू द्यावा त्यांच्याकडे. पण या माणसाशी मी एकदा खोटं बोलून चुकले होते.

“अकरा चाळीस,” मी वाचलं. “तीन तास हालचाल नाही. संदेश गेला.”

“आणि फोन मला आला पावणेबाराला.”

“हो.”

ते हसल्यासारखे झाले. “यंत्राने जीव वाचवला तर वाचवला. त्याला मी हात जोडतो. पण ती आत्ता, या घटकेला, पुन्हा खोटं बोलली गं.”

स्टूल त्यांनी स्वतः ओढलं. मी धरायला गेले तर नको म्हणाले. वर चढून दोन्ही स्क्रू काढले, सेन्सर खाली घेतला आणि माझ्या बॅगेवर ठेवला. पॅनेलने टुक टुक सुरू केली. ते हात पुसत दुकानात गेले आणि तिथे मघापासून थांबलेल्या एका गिऱ्हाईक बाईंची किल्ली घासायला बसले.

ओट्यावर त्यांचा फोन वाजायला लागला. पॅसेजमधून मी ओरडले, “काका, फोन!”

“वाजू दे.”

वाजून वाजून तो थांबला. मग माझा वाजला. लेकच होती, श्वास लागलेला. “ताई, सेन्सर बंद दाखवतोय. बाबा उचलत नाहीत. कुठे आहेत? काय करतायत? तू बघतेयस ना त्यांना?”

मी बघत होते. दहा पावलांवर, पाठमोरे, कानस चालवताना. मी फोन घेतलाय हे लक्षात येऊन त्यांचा हात थांबला, पण ते वळले नाहीत.

“ते त्यांनाच विचारा,” मी म्हणाले.