किल्ल्याच्या खंदकाशी

कडुलिंब मोहरला की त्या कडवट-गोड वासासरशी मला बेचाळीसच्या चळवळीनंतरचं नगर आठवतं. मराठी शिकवणाऱ्या आमच्या बाईंनी एका सकाळी आम्हा मुलींना गावातून पायी फिरवलं. जुना छापखाना दाखवला, एका कवीचं बिऱ्हाड दाखवलं आणि शेवटी किल्ल्याच्या खंदकाशी आणलं. आत मोठमोठे पुढारी कैदेत आहेत, असं गावभर लोक कुजबुजत होते.

"बाई, इथं काय बघायचं?" मी विचारलं.

"आत या घडीला कुणीतरी पुस्तक लिहीत असेल गं," त्या हळूच म्हणाल्या.

एवढा थोरला काळा तट, त्यावर बंदुका, आणि आत कागदावर चालणारी लेखणी! मी तटाकडे बघतच राहिले.

तेवढ्यात पहाऱ्यावरचा शिपाई धावत आला. "ओ बाई, हितं थांबायचं न्हाई! नाव काय तुमचं?"

बाईंनी शांतपणे नाव सांगितलं, शाळेचंही सांगितलं. नोकरीवर बेतेल हे त्यांना ठाऊक होतं, आम्हाला नव्हतं.

जूनमध्ये शाळा उघडली तेव्हा बाई नव्हत्या. त्या दिवशी मी तटाकडे बघून थक्क झाले होते. आता थक्क होते ती बाईंचा तो जराही न कापलेला आवाज आठवून.