बत्ताशाएवढा सूर्य

आमच्या विश्रांतवाडीच्या सोसायटीत चंपाताई तळमजल्यावर एकट्या राहतात. तीस वर्षं त्यांनी एका शाळेच्या प्रयोगशाळेत काचेच्या नळ्या विसळल्या. सर मुलांना शिकवायचे ते कानावर पडायचं, आणि पडलं ते डोक्यात बसलं. त्यांची दुर्बीण कापडाच्या ठाणातल्या पुठ्ठ्याच्या नळीची, भिंगं जुन्या चष्म्यांची. एकदा त्यांनी कंपासपेटीतल्या कोनमापकाला दोरा बांधला, खाली वजन म्हणून कुकरची शिट्टी लोंबकळवली आणि गच्चीवरून ध्रुवताऱ्याची उंची मोजली. साडेअठरा अंश.

"आता नकाशात पुण्याचा अक्षांश बघ, वासंती."

बघितला. साडेअठराच! ज्या शिट्टीने आपण वरण शिजवतो, तिने पृथ्वीवर आपण कुठे आहोत ते सांगितलं.

त्या वर्षी लक्ष्मीपूजनाच्या दुसऱ्या दिवशी सूर्यग्रहण होतं, आणि सूर्य ग्रहणातच मावळणार होता. चंपाताई वर्षभर दिवस मोजत होत्या. नवरात्रात स्टुलावरून पडल्या, खुब्याचं ऑपरेशन झालं, आणि डॉक्टरांनी पलंगावरून उतरायला मनाई केली.

"सत्त्याहत्तरावं चालू आहे मला," त्या म्हणाल्या. "असं मावळतं ग्रहण पुन्हा माझ्या वाट्याला कुठलं?"

मग पडल्यापडल्या त्यांनी तोड काढली. हातआरशावर बारीक भोकाचा कागद चिकटवला. तो मी पश्चिमेच्या खिडकीत ठेवायचा, म्हणजे सूर्याचं चित्र भिंतीवर पडेल. मी हो म्हटलं. पण आमच्याकडे ग्रहण पाळतात. मी जन्मात कधी ग्रहण बघितलं नव्हतं.

साडेचारला गेले, तर गोळीच्या गुंगीने त्यांना झोप लागलेली. मी पाण्याच्या तांब्यात तुळशीपत्र टाकलं. आजारी माणसावर ग्रहणाचं ऊन पडू नये म्हणून घरून आणलेली गडद निळी चादर खिडकीवर टांगली. आरसा उशीशी तसाच राहिला. खरं सांगायचं तर मी राहू दिला. दिवा न लावता माळ घेऊन बसले.

त्या जाग्या झाल्या.

"किती वाजले?"

"पाच वीस."

"आणि खिडकीला हे काय?"

"ताई, ग्रहण लागलंय. तुम्ही आजारी..."

"आजारी आहे. गर्भार नाही!"

त्यांनी तोंड भिंतीकडे फिरवलं. पाठीवरून कळत होतं, रडत होत्या. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी चादर काढायला उठले.

"थांब! हात लावू नकोस."

चादरीला उदबत्तीने जळून मुगाएवढं भोक पडलेलं होतं. त्यातून उन्हाची एक काडी अंधाऱ्या खोलीत आली होती, आणि त्यांनी तोंड फिरवलं होतं त्याच भिंतीवर बत्ताशाएवढा सूर्य होता. एका कडेने खाल्लेला.

"अगं, आरशाने इतकं स्वच्छ दिसलंच नसतं. खोलीत उजेड राहिला असता," ताई डोळे पुसत म्हणाल्या. "ती खाच दिसते ना? तो चंद्र."

तो चंद्र. ज्याला बघून मी दर संकष्टीला उपास सोडते, तो सूर्यापुढे उभा होता आणि त्याची सावली चंपाताईंच्या पोपडे आलेल्या भिंतीवर पडली होती. बाहेर सूर्य उतरत होता तसा इथे तो भिंतीवर वर चढत होता. चालताना दिसत होता! कॅलेंडरपाशी पोचला, गणपतीच्या पायांना लागला. मी हात जोडले. माळ कितव्या मण्यावर थांबली, आठवत नाही.

मग समोरच्या इमारतीआड सूर्य गेला आणि भिंत नुसती भिंत झाली.

"आता घरी जाऊन आंघोळ करशील," ताई म्हणाल्या. "चादरही भिजवशील. भिजव. पण ते भोक शिवू नकोस."

चादर धुतली. भोक तसंच आहे.