एकतिसावा दांडा

आमच्या वाल्फुर्वा खोऱ्यात देल्फिना रोदिगारीबद्दल कोणालाही विचारा, "सावध पोर" म्हणतील. इटलीच्या संघातून अकरा वर्षं स्कीच्या शर्यतींत उतरली आणि कधी सहाव्याच्या वर आली नाही. ती सावध का झाली, ते मला ठाऊक आहे. निदान तसं मला वाटतं.

चौऱ्याहत्तरच्या फेब्रुवारीत संघनिवडीची शेवटची शर्यत आमच्याच उतारावर होती. पहिल्या चौघी संघात. मी तेव्हा नाटकाच्या दौऱ्यांतून सुट्टीला गावी आलो होतो. उतारावर वळणांसाठी बांबूचे दांडे रोवले होते; लोकांनी मला त्यातल्या एकतिसाव्या दांड्यापाशी पंच म्हणून उभं केलं. काम एवढंच, की दोन्ही स्की बांबूच्या एकाच बाजूने गेल्या का ते पाहायचं. एक जरी पलीकडून गेली तर कार्डावर फुली, आणि मुलगी बाद.

देल्फिना आली. काय तो प्रवेश! बर्फाचा पडदाच उडाला, बांबू आडवा झाला, आणि ती गेलीसुद्धा. डावी स्की अलीकडून गेली की पलीकडून? मी पाहिलं होतं. शपथेवर सांगतो, पाहिलं होतं. पण काय?

ती चौथी आली. गावकरी टोप्या उडवत होते, आणि देल्फिना स्की खांद्यावर टाकून, धापा टाकत माझ्याकडे चढून आली.

"एर्मेते काका, अलीकडून ना?"

"अगं, पाय तुझा! मला काय विचारतेस?"

"काहीतरी लागलं पायाला. बांबू की बर्फ, कळलंच नाही. तुम्ही पंच ना? की नाटकातल्यासारखं इथेही कोणी मागून वाक्य सांगायला हवं?"

खात्री नसेल तर फुली मारायची नाही, असा नियम. मी कार्ड कोरं दिलं. ती थेट मुख्य पंचांकडे गेली. "बहुतेक चुकलंय माझं."

ते म्हणाले, "पोरी, बहुतेकला रकाना नाही. जा, आईला आनंदाची बातमी दे."

त्यानंतर ती प्रत्येक दांड्याला वीतभर लांबून वळायची. पुन्हा कोणाला शंका यायला नको. त्या वीतभरात तिची पदकं गेली, असं आपलं माझं मत.

आता ती चीजचं दुकान चालवते. परवा धीर करून विचारलं, "देल्फिना, फुली मारायला हवी होती का गं मी?"

तिने चीज कापायची सुरी बाजूला ठेवली.

"मारली असतीत, तर संघात गेलेच नसते. नाही मारलीत, तर गेले, पण मोकळ्या मनाने कधी उतरले नाही. तुमच्याशी भांडू की तुम्हाला जेवायला बोलावू, काका, पन्नास वर्षं ठरत नाहीये."

"मग?"

"मग काय? रविवारी या. जेवताना भांडू."