मालनताई तोंड पुसायची

मालनताईला कशाची किळस आली की ती आधी तोंड पुसायची. बोलणं नंतर. ओढणीचं टोक उचलायचं आणि ओठांवरून एकदा फिरवायचं, जणू समोरच्याचं बोलणं तिच्याच तोंडाला लागलंय. ऑफिसात नवीन आलेल्यांना वाटायचं, बाईंना घाम फार येतो. आम्हा जुन्यांना कळायचं, आता कुणाची तरी खैर नाही.

आमची कंपनी सांगलीत, विश्रामबागेत, एका जिमच्या डोक्यावर. शाळेच्या मुलांसाठी टॅबवरचे धडे बनवायचं काम. मी धडे लिहितो, मालनताई ते चालवणारं सॉफ्टवेअर लिहायची. ती माण तालुक्यातली, मेंढपाळाच्या घरातली. एरवी ती अगदी छापील बोलायची, पण किळस आली की भाषा थेट गावाकडे वळायची. एकदा आमचे मालक कदम सर मीटिंगमध्ये मुलांना ‘हातचं गिऱ्हाईक’ म्हणाले. मालनताईने तोंड पुसलं. “सर, पोरं हायती ती. कोंडवाड्यातली जनावरं न्हवं.” उरलेली मीटिंग लवकर आटोपली.

तिचं सगळ्यात लाडकं काम म्हणजे ‘थांबलेला धडा’. तिच्याकडची बरीच कुटुंबं दिवाळी झाली की मेंढरं घेऊन पाटणच्या बाजूला उतरतात, ती पावसाळ्यातच परततात. पोरंही बरोबर असतात. परतलेल्या पोराने टॅब उघडला की जिथे सोडला होता तोच धडा, तेच चित्र समोर यायचं, आणि मालनताईचा आवाज: “आलं व्हय पोरगं? बस. हितं थांबलो हुतो आपण.” हा आवाज तिने जिन्यात बसून रेकॉर्ड केला होता. तिचा भाचा बिरू दरवर्षी त्या आवाजाला उत्तर द्यायचा, “आलो, आत्या.” हे सांगताना मात्र ती ओढणीला हातही लावत नसे.

मग कुठल्याशा गुंतवणूकदाराच्या आग्रहाने ‘ज्योत’ची कल्पना पुढे आली. रोज धडा केला की पडद्यावर ज्योत पेटती राहणार. बरेच दिवस चुकले की ती विझणार आणि मुलाला पुन्हा पहिल्या धड्यावर नेऊन बसवणार, म्हणजे थांबलेला धडा बंद. त्या भीतीने मुलं रोज येतात म्हणे.

“रोजची सवय तंबाखूचीबी लागती, सर,” मालनताई म्हणाली. “म्हून काय शाळंत वाटायची?”

सर मोठ्याने हसले. त्यांना तो विनोद वाटला.

गेल्या श्रावणात पाचगणीच्या एका रिसॉर्टमध्ये ई-लर्निंग सॉफ्टवेअर बनवणाऱ्यांची परिषद भरली. सरांना तिथलं बक्षीस हवं होतं. त्यांनी आम्हा दोघांना केबिनमध्ये बोलावलं. “मॅडम, थांबलेला धडा ठेवायचाय ना? ठेवू. शब्द देतो. फक्त स्टेजवर तुम्हीच दाखवा, आणि जरा आपल्या पारंपरिक वेशात.” टेबलावर त्यांनी पिशवी रिकामी केली. स्नेहसंमेलनाचे कपडे भाड्याने देणाऱ्या दुकानातलं लुगडं, काळी घोंगडी आणि काखेत धरायला कापसाचं कोकरू. मला शिसारी आली. वाटलं, आता हे सगळं खिडकीतून खाली जिमवाल्यांच्या गाड्यांवर पडणार.

मालनताईने घोंगडी नाकाशी नेली. “माझ्या आईच्या घोंगडीला मेंढरांचा वास यायचा,” ती म्हणाली. “हिला डांबरगोळ्यांचा येतोय.” बाहेर आल्यावर जिन्यात थांबून मला म्हणाली, “लय किळस वाटती रं सागर. पर धडा ऱ्हाणार असंल तर घालीन. एका दिसाचं सोंग हाय.” बिरू नुकताच परतला होता, त्याने टॅब अजून उघडला नव्हता. यंदा तुझा धडा मी सगळ्यांसमोर उघडणार, असं तिने त्याला फोनवर सांगून ठेवलं.

पाचगणीच्या त्या हॉलची मला अजून किळस येते. बाहेर धुकं, आत अत्तरासारखा काहीतरी फवारा. बाटलीतलं बिनमोसमी स्ट्रॉबेरी सरबत. गळ्यात पट्टे अडकवलेली माणसं एकमेकांना शिक्षणात क्रांती झाल्याचं सांगत होती आणि बोलता बोलता पनीरचे तुकडे काड्यांनी टोचत होती. ‘शेवटच्या मुलापर्यंत पोचायचं’ हे तर जो तो असं म्हणत होता, जणू ते मूल त्याच्या खिशातच आहे. दिवसभरात एकही शिक्षक मला तिथे दिसला नाही.

मालनताई स्टेजवर गेली. लुगडं, घोंगडी, काखेत कोकरू. मोबाइल वर झाले. तिने टॅबवर बिरूचं खातं उघडलं आणि मागच्या मोठ्या पडद्यावर चित्र आलं: विझलेली ज्योत, तिचं रडवं तोंड, आणि खाली अक्षरं. ‘अरेरे! तू मागे पडलास. पहिल्यापासून सुरुवात कर.’

आमच्या पुण्यातल्या दुसऱ्या टीमने त्याच सकाळी, मालनताईला न कळवता, थांबलेला धडा काढून ज्योत असलेली नवी आवृत्ती चढवली होती. सरांना ते माहीत होतं. गुंतवणूकदार पहिल्या रांगेत बसला होता.

मालनताई पडद्याकडे बघत राहिली. मग माइकमध्ये सावकाश म्हणाली, “माझ्या भावाचं पोरगं हाय ह्ये. ते मागं पडल्यालं न्हाई. मेंढरांमागं गेल्तं.” आणि तिने घोंगडीचं टोक उचलून तोंड पुसलं.

हॉल टाळ्यांनी दुमदुमला. सरांनी धावत जाऊन माइक घेतला. “मॅडम इमोशनल झाल्या!” टाळ्या आणखी वाढल्या. बक्षीस आम्हालाच मिळालं.

ती स्टेजवरून उतरली, कपडे बदलले, भाड्याच्या कपड्यांची व्यवस्थित घडी घालून सरांच्या खुर्चीवर ठेवली, वर कोकरू बसवलं आणि वाईची एसटी पकडली. ऑफिसात परत आली नाही. आता ती दहिवडीला दूध संकलनाचं सॉफ्टवेअर सांभाळते. “बरं हाय गड्या,” ती फोनवर म्हणाली. “म्हशीला कुणी मागं पडलीस म्हणत न्हाई.” मग मी बिरूचं विचारलं. त्याने घरी टॅब उघडून ते रडवं तोंड पाहिलं होतं आणि तिला विचारलं होतं, “आत्या, मी काय चुकलो?” त्यानंतर त्याने टॅब हातात घेतलेला नाही.

आमच्या ऑफिसात आत शिरल्या शिरल्या भिंतीवर तिचा त्या दिवसाचा फोटो आहे, माणसाएवढा. घोंगडीचं टोक तोंडाशी, खाली सोनेरी अक्षरांत ‘भावुक क्षण’. आलेले पाहुणे थबकतात आणि हळहळत विचारतात, या बाई का रडतायत?

सर जवळपास नसले की मी सांगतो, रडत नाहीत हो, तोंड पुसतायत.