राखेविना वाफा

गौराबाईला कुणी ‘नको’ म्हटलं की तिला जोर चढायचा. भिवपुरीजवळच्या तिच्या गावात गोबरगॅसची माहिती सांगायला साहेब आले, तेव्हा पुरुषांनी माना हलवल्या, आणि नेमकी म्हणूनच ती पुढे झाली.

पुरुषांचंही चूक नव्हतं. पेरणीआधी वाफ्यावर शेण, पाला, गवत पसरून जाळायचं, म्हणजे राब भाजायचा. त्याशिवाय भाताचं रोप जोर धरत नाही, असं गाव पिढ्यान्‌पिढ्या मानत आलं होतं.

“समदं शेण ग्यासच्या खड्ड्यात घालशील, तर राब कशानं भाजू?” तिचा नवरा कोंडाजी तडकला.

“एक वाफा मला द्या. त्यात राख नको, खड्ड्यातनं भायेर पडती ती शेणाची रबडी घालीन. रोप नाय आलं, तर खड्डा मीच बुजवीन.”

सखल जागेत पावसाचं पाणी खड्ड्यात शिरतं, म्हणून तिने साहेबांना गोठ्यामागचा उंचवटा दाखवला. तिथली पेंढ्याची उडवी कोंडाजीने धुसफुसत हलवली. खड्डा बांधून झाला, उन्हाळ्यात गॅसची शेगडी पेटली आणि गौराबाईच्या डोळ्यांमागे जन्मभर लागलेला धूर एकदाचा सुटला. आता ही शेगडी सोडायची म्हणजे तिच्या जिवावर येणार होतं.

पाऊस पडला. कोंडाजीच्या भाजलेल्या वाफ्यात नुसतं भात उगवलं. गौराबाईच्या वाफ्यात भाताबरोबर तणही माजलं. आगीने तणाचं बी मरतं, रबडीने ते पोसतं, हे कुणाच्या ध्यानातच आलं नव्हतं.

“भातापेक्षा गवतच जोरात हाय गं!” कोंडाजी हसला.

पण हार मानील तर ती गौराबाई कसली! इरलं घेऊन ती वाफ्यात बसली आणि रोज तण उपटत राहिली. हातांना भेगा पडल्या, कंबर धरली, तोंड मात्र चालूच. मोकळं झालेलं रोप भराभर उठलं.

आवणीचा, म्हणजे वाफ्यातलं रोप उपटून शेतात लावायचा दिवस उजाडला. रस्त्याकडच्या शेतात जो तो आपलं उत्तम रोप लावतो. येणारा-जाणारा तिथेच घराची पत जोखतो. कोंडाजी दोन्ही वाफ्यांपाशी बराच वेळ उभा राहिला. मग बायकोकडे न बघता त्याने तिच्या वाफ्यातल्या जुड्या उचलून गडी हिरामणच्या हातात दिल्या.

“ही रस्त्याकडं लाव.”

“आन्‌ राबातली, दादा?”

“ती लाव तिकडं खाली, वढ्याच्या अंगाला. तिथं कोन बघतंय?”