शिंदीच्या फांद्यांचा धूर

राखेच्या बुधवारी कपाळाला लावायच्या राखेसाठी आमच्या धर्मशास्त्राच्या कॉलेजात गेल्या वर्षीच्या झावळ्या जाळल्या, की तो धूर मला सौंदडच्या आमच्या चर्चमध्ये नेतो. तिथे झावळ्यांच्या रविवारी, येशूच्या स्वागताची आठवण म्हणून, आम्ही शिंदीच्या फांद्या आणायचो. अशाच एका रविवारी पाळकांनी मला न विचारताच जाहीर केलं, की मी उपासनाशास्त्र शिकायला जाणार. मला तर नर्स व्हायचं होतं. माझे डोळे भरून आले.

"रडून काऊन राहिली? देवाच्या कामाले नाही म्हणते का कोणी? उभी राय," आई कुजबुजली.

मी उभी राहिले. चहूबाजूंनी हिरव्या फांद्या उंचावल्या, दार दिसेनासं झालं.

आज प्राध्यापक म्हणून मी दरवर्षी शिकवते, की 'आमेन' म्हणजे मंडळीची संमती. त्या दिवशी माझ्याखेरीज सगळे 'आमेन' म्हणाले होते.