आप्पांची कावीळ

आमच्या घरात एकदा कावीळ आली होती. ती कोणालाच झाली नव्हती, पण आली होती एवढं नक्की.

मुलुंडला आमचं वन रूम किचन. आई, आप्पा आणि मी. आप्पा देवगडकडचे, गिरणी बंद पडल्यावर मिळेल ती नोकरी करून निवृत्त झालेले. त्या शनिवारी मी हॉलमधली जुनी ट्यूबलाइट काढून पिवळा बल्ब लावला होता. हॉटेलात असतो तसा उबदार उजेड मला घरात हवा होता. संध्याकाळी आप्पा त्याखाली पेपर वाचत बसले, चष्मा काढून त्यांनी माझ्याकडे बघितलं. डोळे पिवळे, गाल पिवळे, तळहात तर विचारू नका.

भीती खरी होती. माझ्या मामाने कावीळ अंगावर काढली होती आणि त्यापायी कितीतरी दिवस तो हॉस्पिटलात पडून होता. शिवाय आजार मोबाइलवर वाचून समजून घ्यायची मला खोड. (डिग्री कॉमर्सची.)

"आप्पा, तुम्हाला कावीळ झालीय."

"माका कसली कावीळ? मगाशी तीन भाकऱ्यो खाल्लंय."

काविळीत भूक मरते हे मी वाचलं होतं, पण ते मी सोयीस्कर विसरलो. रविवारचे बांगडे रद्द केले आणि आप्पांपुढे मऊ भात, दुधी ठेवला. रविवारी मासळीशिवाय जेवलेले आप्पा मी जन्मात पाहिले नव्हते. ते मुकाट्याने जेवले. आत आईला हळूच म्हणाले, "पोरगो घाबरलो हा. खाऊन टाकतंय."

संध्याकाळी आई समोर बसली. तीही पिवळी. मग शेजारच्या कांबळेकाकू विरजण मागायला आल्या. त्यांना बल्बखाली बसवून मी पापण्या ओढून बघितल्या. त्याही पिवळ्या. मी बाथरूमच्या आरशात जाऊन स्वतःला तपासलं, तर मी ठणठणीत. (तिथे पांढरा दिवा होता. मी ते श्रेय माझ्या प्रतिकारशक्तीला दिलं.)

एवढ्या जणांना कावीळ म्हणजे पाण्याचाच दोष. मी सेक्रेटरींच्या मागे लागून टाकी धुवायला लावली. अख्खी बिल्डिंग दिवसभर बादल्या वाहत मला काय काय म्हणत होती, ते इथे लिहिण्यासारखं नाही. उतारा म्हणून मी सगळ्यांसाठी स्टेशनबाहेरून बर्फ घातलेला उसाचा रस आणला. कोणी घेईना. वाया कशाला घालवायचा म्हणून सगळा मीच प्यायलो.

पुढच्या संध्याकाळी आप्पांना डॉक्टरीणबाईंकडे नेलं. त्यांनी डोळे बघितले, पोट दाबलं, भूक लागते का, लघवी गडद होते का, विचारलं. मग माझ्याकडे वळल्या.

"डोळे स्वच्छ पांढरे आहेत. तुम्ही कुठल्या उजेडात बघितलेत?"

मी नव्या बल्बबद्दल सांगितलं. तेव्हासुद्धा थोडं अभिमानानेच. त्या हसल्या नाहीत, हे त्यांचे उपकार. डोळे दिवसाउजेडी बघायचे, शंका आली तर रक्त तपासायचं, असं त्यांनी समजावलं. कावीळ बऱ्याचदा दूषित पाण्यातून पसरते, तेव्हा बाहेरचा रस आणि बर्फ तेवढा टाळा, म्हणाल्या. त्याच क्षणी माझ्या पोटात कळ आली.

त्या रात्री घरभर तळलेल्या बांगड्यांचा वास होता आणि मी बाथरूमच्या वाटेवर होतो. जेवून आप्पा माझ्या उशाशी येऊन बसले, मीठ-साखरेचं पाणी चमच्याने ढवळत. एक शब्द लागेलसा बोलले नाहीत. "हळूहळू पी," एवढंच म्हणाले. आप्पा जाऊन आता काही वर्षं झाली, पण त्या चमच्याचा आवाज अजून कानात आहे.

हिशेब मात्र स्पष्ट आहे. मी तिघांना आजारी ठरवलं, खरा पेशंट एकच निघाला, आणि तोही माझ्याच उपचारांनी तयार झालेला.